शेम्सीखालाचे तीन चिमटे

शेम्सीखालाशी माझं पहिलं भांडण झालं ते काजळीवरून, आणि शेवटचंही काजळीवरूनच. मधल्या अठ्ठावीस वर्षांत आम्ही इतर विषयांवरही भांडलो, पण काजळीची गोडी कशालाच नव्हती.

एव्होरा शहरातल्या आमच्या मुसलमान मोहल्ल्यात तिची भट्टी आणि माझं घर यांच्यामध्ये एकच भिंत होती. मी चटया विणणारा. लव्हाळा भिजवायचा, रंगवायचा, वाळवायचा, सगळं छपरावर. आणि तिचं धुराडं नेमकं माझ्याच छपराकडे झुकलेलं. सकाळी पिवळीधमक चटई पसरावी आणि दुपारी वर जाऊन बघावं तर सगळीकडे काळे ठिपके. मी बोंब ठोकत खाली उतरायचो. ती भट्टीच्या तोंडाशी अस्तन्या सावरून बसलेली असायची, आणि मागे वळूनसुद्धा न बघता म्हणायची, “ओरडू नकोस रे ब्राफेमे, पाव फुगायचे थांबतात.”

“अगं, चटई गेली ना माझी!”

“मग नक्षीची म्हणून वीक. पाद्र्याला काय कळतंय?”

खरंच त्या चटईला गिऱ्हाईक चर्चचंच मिळालं, तेही दोन नाणी जास्त देऊन. ही गोष्ट मी तिला कधी सांगितली नाही. सांगितली असती तर तिनं धुराडं आणखी झुकवलं असतं.

ती बुटकी होती, दंड कुस्तीगिराचे, आणि डाव्या हाताचा अंगठा लहानपणी भाजून वाकडा झालेला. नवरा तरुणपणीच गेला. भट्टी मोहल्ल्याची होती, तेव्हा वडीलधाऱ्यांनी ठरवलं की आता ती एखाद्या पुरुषमाणसाला द्यावी. दिलीही. त्या माणसानं पहिल्याच दिवशी साठ घरांचे पाव करपवले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तेच वडीलधारे शेम्सीखालाच्या दारात कच्च्या पावांच्या फळ्या घेऊन उभे होते. तिनं त्यांना अर्धा तास उभं ठेवलं.

आमच्याकडे पीठ ज्यानं त्यानं आपल्या घरी मळायचं आणि भाजायला सामाईक भट्टीत आणायचं, ही रीत. साठ घरांचे पाव एका भट्टीत गेले की कुणाचा कुठला हे कळणार कसं? म्हणून प्रत्येक घराचा लाकडी ठसा असे. कुणाचा मासा, कुणाचा तारा, आमच्या घरचा चौकडा. सून घरात आली की तिनं सासरचा ठसा हातात घ्यायचा आणि माहेरचा विसरायचा. शेम्सीखालाच्या घरी मात्र ठसाच नव्हता. भट्टीवालीला ठसा कशाला हवा? ती आपल्या पावाच्या कडेला तीन चिमटे घ्यायची. दोन सरळ आणि तिसरा तिरका, कारण अंगठा वाकडा. तिची एकुलती एक मुलगी नुझा आईचं बघून बघून चिमटे घ्यायला शिकली, आणि स्वतःचा अंगठा चांगला सरळ असूनही तिसरा चिमटा तिरकाच घ्यायची. तिला वाटायचं, पाव असाच करायचा असतो.

नुझाचं लग्न मोहल्ल्यातल्याच अझमेदे कुंभाराशी झालं. मुलगा गरीब गाय. त्याची आई मन्सोराकाकी मात्र तशी नव्हती. त्या घरचा ठसा दोन कानांच्या घड्याचा, चार पिढ्यांचा. नुझानं तो हातात घेतला, आणि वर्षभर सगळं गोडीत चाललं. मग एका ईदेला मन्सोराकाकीच्या फळीवर एक पाव करपलेला निघाला. झालं. काकीनं विहिरीवर चारचौघींत सांगितलं, की भट्टीवालीनं आमचा चांगला पाव घरी नेला आणि करपलेल्यावर घडा उठवून आमच्या गळ्यात मारला.

भट्टीवालीवर पाव बदलल्याचा आळ म्हणजे सोनारावर सोनं खाल्ल्याचा आळ. शेम्सीखाला तीन दिवस कुणाशी बोलली नाही. चौथ्या दिवसापासून मन्सोराकाकीची फळी परत देताना ती गल्लीच्या त्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात एकेक पाव मोजू लागली. “एक घडा! दोन घडे! तीन घडे! विहीणबाई, नीट बघून घ्या हो, उगाच रात्री झोप नको उडायला!” बिचारी नुझा मान खाली घालून फळी उचलायची. मला हसू यायचं. आता नाही येत.

याच सुमाराला राजाच्या घरचं लग्न निघालं. सहा-सात वर्षांपूर्वी युवराजाच्या लग्नात देशभरातल्या आम्हा मुसलमानांना एव्होरात नाचायला बोलावलं होतं. हुकूमच होता तसा. ढोल घेऊन हजारभर माणूस आलं आणि शेम्सीखालानं नऊ दिवस भट्टी विझू दिली नाही. मीसुद्धा नाचलो होतो, वाईट नाचलो. पुढे तो युवराज घोड्यावरून पडून गेला. आता त्याच विधवा नवरीशी नवा राजा लग्न करणार होता. लोक म्हणत, नवरीनं अट घातलीय, की ज्यू आणि मुसलमान देशाबाहेर गेल्याशिवाय मी सीमेच्या आत पाऊल टाकणार नाही. अट तिची होती की तिच्या आईबापांची, देवाला ठाऊक. हुकूम निघाला: दहा महिन्यांत चालते व्हा. दवंडी पिटली त्या दिवशी शेम्सीखाला म्हणाली, “हिच्या पहिल्या लग्नात आम्हाला नाचवलं, दुसऱ्यात हाकललं. तिसरं करू नकोस गं बाई.”

आम्ही हसलो, कारण अजून खरं वाटत नव्हतं. वसंतात शेजारच्या वस्तीतल्या ज्यूंची पोरं त्यांच्या मांडीवरून उचलून नेली आणि बाप्तिस्मा देऊन परक्यांच्या घरी ठेवली. त्या आयांचे आवाज आमच्या भिंतींवरून आत येत होते. त्यानंतर मोहल्ल्यात कुणी हसलं नाही, सगळे गाठोडी बांधायला लागले.

वाटा दोनच होत्या. एक पायवाटेनं शेजारच्या कॅस्टील राज्यात, तिथल्या राजाराणीनं आमच्या लोकांना येऊ देण्याचं कबूल केलं होतं. दुसरी सेतूबालच्या बंदरातून समुद्रापार. मन्सोराकाकीचे भाऊबंद मेरिदात कुंभारकाम करायचे, म्हणून त्यांचं घर कॅस्टीलला निघालं. नुझाला पाचवा महिना होता. ती भट्टीवर आली तेव्हा मी तिथंच होतो, काजळीबद्दल बोलायला गेलो होतो.

“आई, तू पण चल. चार दिवसांची तर वाट आहे.”

“त्या बाईच्या गाढवामागनं? मी?”

“माझं बाळंतपण कोण करणार?”

शेम्सीखालाच्या हातातलं फावडं थांबलं. मला वाटलं, आता विरघळली. पण ती म्हणाली, “तिला म्हणावं, भट्टीसमोर उभं राहून चारचौघींत सांग, की मी खोटं बोलले. त्याच घटकेला येते.”

मी धावत मन्सोराकाकीकडे गेलो. मला फार हौस मध्यस्थीची. काकी म्हणाली, “पाव करपला होता का नव्हता? होता ना? मग मी काय खोटं बोलले?” मी परत भट्टीवर, परत काकीकडे. शेवटी दोघींचं एका गोष्टीवर एकमत झालं, ते म्हणजे ब्राफेमेनं आपल्या चटया विणाव्यात.

त्यांची गाढवं निघाली त्या सकाळी शेम्सीखाला वेशीपर्यंत आली नाही. तीन चिमट्यांचे बारा पाव तिनं माझ्या हातात दिले आणि आत जाऊन भट्टी झाडायला लागली. मी परत आलो तर तशीच पाठमोरी.

“वळून बघितलं का तिनं?”

“धुराड्याकडं बघत होती. दिसेनासं होईपर्यंत.”

तिनं पाणी ओतून भट्टी विझवली. मी त्या घरात राहायला आल्यापासून ती भिंत पहिल्यांदा गार लागली.

आमची पाळी महिन्याभरानं आली. वेशीबाहेर ब्रितेस नावाची ख्रिस्ती विधवा जैतुनाची फळं विकायची. तिला शेम्सीखालानं आंबलेल्या पिठाचा अर्धा गोळा दिला आणि बजावलं, “रोज दोन मुठी पीठ घाल. उपाशी ठेवलंस तर मरेल हं तो.” ब्रितेस एवढी मोठ्यानं रडली, की पहारेकऱ्याला वाटलं तीच चाललीय. उरलेला अर्धा गोळा शेम्सीखालानं ओल्या फडक्यात बांधून पदराआड घेतला. समुद्रात तिच्या पोटात काही ठरेना. पण तो गोळा तिनं सांभाळला, आणि किनाऱ्याला उतरताना शपथ घेतली, की जन्मात पुन्हा होडीत पाय ठेवणार नाही, मग ती डबक्यातली का असेना.

गलबत लागलं पलीकडच्या मुसलमानी मुलखात, सलाच्या बंदराला. एव्होराची बाकीची माणसं पुढं फेस शहराला गेली. मी थांबलो, कारण सलाच्या नदीकाठी लव्हाळा माणसाहून उंच वाढतो. शेम्सीखालाला मी विचारलं, “तू का नाही गेलीस?”

“आणखी पुढं गेले तर तिला सापडणार कशी?”

नुझाचं नाव तिनं घेतलं नाही. पुढची पाच वर्षं घेतलं नाही.

सलात बाया भट्टीवर बसत नाहीत. आमच्या गल्लीतली भट्टी हाम्मूची. शेम्सीखाला रोज आपली फळी घेऊन जायची आणि दारात उभी राहून बोलायची. डाव्या कोपऱ्यात आच जास्त आहे. ते मागचे पाव फिरव आता. अरे, तो चौथा गेला! हाम्मूनं वीस दिवस सहन केलं. मग म्हणाला, “आत ये, बाई. तू बाहेरनं बोलतेस ते गिऱ्हाईक ऐकतंय.” ती आत गेली आणि आगीकडे तोंड करून बसली ती बसलीच. हाम्मूचे पाव गावात नावाजले. तो सांगायचा, लाकूड बदललं म्हणून.

मग बातमी आली, की कॅस्टीलनंही हुकूम काढला. पाणी डोक्यावर घेऊन ख्रिस्ती व्हा, नाहीतर निघा. म्हणजे तिकडे गेलेले आगीतून फुफाट्यात. ती बातमी आली त्या दुपारी शेम्सीखाला माझ्या दुकानात येऊन बसली. बराच वेळ एक काडी सोलत राहिली.

“ब्राफेमे, नुझा येणार.”

“कशावरनं?”

“आता तिला जायला जागाच कुठं राहिलीय?”

त्या दिवसापासून भट्टीचं काम आटोपलं, की ती गावातल्या वीसेक भट्ट्यांवर फिरायची आणि विचारायची, “घड्याचा ठसा येतो का हो तुमच्याकडं? दोन कानांचा?” आता सला पडलं कुंभारांचं गाव. कुंभारवाड्यात निम्म्या घरांचा ठसा घडाच. लोक तिला हौसेनं पत्ते द्यायचे आणि ती प्रत्येक पत्त्यावर जाऊन कुणातरी अनोळखी बाईसमोर उभी राहायची. गावात तिचं खरं नाव कुणाला माहीत नव्हतं. सगळे घडेवालीच म्हणायचे. मला ते बघवेना, आणि तिथंच मी माझी अक्कल पाजळली.

“खाला, तू तिला शोधतेस, तशी तीही तुला शोधत असणार. तुझ्या पावावर तू घडाच उठव. फळीच्या पुढच्या बाजूला ठेव. ती आली तर सासरचा ठसा बघून थबकेल.”

जैतुनाच्या लाकडात मी स्वतः ठसा कोरून दिला. कोरीवकाम हा काही माझा धंदा नव्हे. घडा कमी आणि भोपळा जास्त झाला. शेम्सीखालानं तो पिठावर पहिल्यांदा दाबला आणि उचलून बघितला.

“याच ठशापायी पोरगी घालवली, आणि तोच आता माझ्या पावावर.”

“नको असेल तर—”

“गप रे,” ती म्हणाली आणि दुसऱ्या पावावर ठसा दाबला. जवळजवळ चार वर्षं तिनं स्वतःच्या पावाला चिमटे घेतले नाहीत.

चौथ्या वर्षी थंडी सरता सरता मी लव्हाळा कापायला नदीच्या पलीकडच्या तीरावर गेलो. तिकडे जुन्या ओसाड गावाच्या पडक्या भिंती आहेत, चारदोन घरं राहतात, म्हणून इकडचं कुणी फारसं जात नाही. भिंतीच्या आडोशाला मडकी भाजायचा नवा आवा दिसला, कच्ची मडकी ओळीनं मांडलेली. एक म्हातारी फडकं पसरून जेवायला बसली होती. मी पाणी मागायला गेलो आणि फडक्यावर पाव बघितला. कडेला तीन चिमटे. दोन सरळ, तिसरा तिरका.

मी न विचारता तो उचलला आणि तोडून तोंडात घातला. म्हातारीनं मान वर केली, मला बघितलं आणि चटकन ओढणीनं तोंड झाकलं.

“मन्सोराकाकी?”

“मी कुणी नाही. पाणी पी नि जा, बाबा.”

“काकी, मी ब्राफेमे. चटईवाला.”

“ठाऊक आहे. म्हणूनच म्हणते, जा. आम्हाला ओळखू नकोस.”

ओढणीआडून ती रडायला लागली. विहिरीवर तोंडाचा पट्टा चालवणारी मन्सोराकाकी मी रडताना कधी बघितली नव्हती. माझ्या हातातला पाव तिनं हिसकून घेतला नाही, यावरूनच मला कळलं, की हिच्यावर फार काही गुदरलंय.

तेवढ्यात पडक्या भिंतीमागून नुझा आली. हात कोपरापर्यंत मातीनं भरलेले, मागे सातआठ वर्षांची मुलगी. नुझा मला बघून जागीच खिळली. “आई?” एवढंच म्हणाली.

“आहे. ठणठणीत आहे. नदीच्या त्या अंगाला, हाम्मूच्या भट्टीवर.”

ती मातीतच खाली बसली. मग हळूहळू सगळं कळलं. हुकूम आला तेव्हा मेरिदाहून निघायची वाट दूरच्या बंदरातूनच ठेवली होती, आणि पोर तापानं फणफणलेली. त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नावं बदलली, तीन वर्षं रविवारी चर्चमध्ये गुडघे टेकले, मग एका कोळ्याला सगळं देऊन पळाले. आता इकडे आपली माणसं काय म्हणतील या धास्तीनं गावात राहिले नाहीत, आणि एव्होराच्या कुणाचं नाव घेऊन विचारलंही नाही.

“मला आधी नुसतं बघायचं होतं,” नुझा म्हणाली, “आई जिवंत आहे का. तोंड दाखवायचं का नाही ते मग ठरवलं असतं.”

“आणि हे चिमटे?”

“सासूबाई म्हणाल्या.”

मन्सोराकाकी ओढणीआडून म्हणाली, “मग काय करायचं? आमचा घडा बघितला असता तर ती भांडकुदळ तोंड फिरवून गेली असती. म्हटलं, ठसा पेटीत ठेव पोरी, तुझ्या आईचे चिमटे घे. तेवढे दिसले तर तिचा पाय अडेल.”

मला हसावं की रडावं कळेना. नुझा पुढं सांगत होती, “बाजाराच्या दिवशी मी होडीनं गावात जायची, शिदोरीचे पाव टोपलीत उघडेच ठेवून. भट्ट्यांवरच्या फळ्या बघायची. हाम्मूच्या भट्टीवरही दोनदा गेले होते. तिथं पुढंच एक पाव होता, कुणा कुंभाराचा, वाकडातिकडा घडा. आत कुणीतरी आगीकडं तोंड करून बसलेलं होतं. चिमटे काही दिसले नाहीत, मग परत आले.”

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो प्रकार मी माझ्या हातानं, जैतुनाच्या लाकडात कोरून घडवला होता. आई दहा हातांवर पाठमोरी, आणि लेक माझा भोपळा बघून परत फिरलेली. तो ठसा माझा, हे मी तेव्हा सांगितलं नाही. उरलेला अर्धा पाव घेतला आणि होडीत बसलो.

हाम्मूच्या भट्टीत दुपारचा घाणा नुकताच लागला होता. मी शेम्सीखालाच्या समोर तो अर्धा पाव ठेवला. दोन चिमटे शाबूत होते, एक सरळ आणि एक तिरका. तिनं बोट फिरवलं. एकदा, मग पुन्हा एकदा. फावडं बाजूला ठेवून ती पावाकडे बघत राहिली, आणि मागे भट्टीतून धूर यायला लागला तरी उठली नाही. हाम्मू ओरडत आत आला. चाळीस पाव कोळसा झाले होते. मी तिला ओळखत होतो त्या सगळ्या वर्षांत तिच्या हातून घाणा करपलेला मी तेव्हाच बघितला.

“कुठं आहे?” तिनं विचारलं.

“नदीपलीकडं. होडीनं जावं लागेल.”

“मग चल की! बघतोस काय?”

होडीत तिनं डोळे गच्च मिटले आणि माझा दंड एवढा आवळला की दुसऱ्या दिवशी पाच बोटं उठली होती. पलीकडे मन्सोराकाकी पाण्याच्या कडेलाच उभी होती. नुझाला तिनं पाठीमागं धरून ठेवलं होतं. ओढणी आता तोंडावर नव्हती.

“विहीणबाई, आधी माझं ऐका. तिकडं आम्ही डोक्यावर पाणी घेतलंय. यात नुझाचा दोष नाही. मी म्हटलं घ्या, पोर जगली पाहिजे. काय बोलायचं असेल ते मला बोला, तिला नको.”

शेम्सीखाला चिखलातून वर आली. धापा टाकत होती. मन्सोराकाकीच्या पांढऱ्या झालेल्या केसांकडे तिनं बघितलं.

“पाणीच ना? वाळलं असेल एव्हाना.”

मग मन्सोराकाकी बाजूला झाली. नुझा आईच्या गळ्यात पडली आणि दोघींनी असा काही टाहो फोडला, की आव्याजवळ बसलेला अझमेदे काय झालं म्हणून काठी घेऊन धावत आला. पुष्कळ वेळानं शेम्सीखालानं लेकीचा हात हातात घेतला, माती पुसली आणि अंगठा निरखून बघितला.

“सरळच आहे की गं. मग तिसरा चिमटा वाकडा कशाला घेतेस?”

“तूच शिकवलास.”

“खोल घेतेस पण. कडा जळतात.”

मन्सोराकाकी मध्येच म्हणाली, “त्या ईदेच्या पावाचं... तुम्ही बदलला नव्हता. मला तेव्हाच माहीत होतं.”

“बदलला नव्हता,” शेम्सीखाला म्हणाली. “पण करपवला मीच होता. डुलकी लागली होती मला. तेवढं कबूल केलं असतं तर काय जीव जात होता?”

ती परत सलाला राहायला आलीच नाही. आव्याशेजारी अझमेदेनं तिला छोटी भट्टी बांधून दिली. हाम्मू महिनाभर मला शिव्या घालत होता. पलीकडच्या तीरावर पुढं आणखी घरं झाली, आणि दोघी म्हाताऱ्या त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं रोज भांडायच्या. पोरगी मोठी झाली. लव्हाळ्याच्या निमित्तानं मी आठवड्यातून दोनदा जायचो, गरज नसली तरी जायचो, आणि ओल्या चटया तिथंच वाळत घालायचो.

एक गोष्ट मात्र मला नऊ वर्षं आतून कुरतडत राहिली. शेवटी तिची तब्येत उतरली, उन्हात बसून राहायची, तेव्हा मी धीर केला.

“खाला, एक सांगायचंय. त्या हिवाळ्यात नुझा हाम्मूच्या दारात येऊन गेली होती. दोनदा. तुझ्या पावावर चिमटे असते तर तेव्हाच तिनं ओळखलं असतं. माझ्या ठशापायी ती परत फिरली.”

“ठाऊक आहे मला. तिनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं.”

“मग? नऊ वर्षं एका शब्दानं बोलली नाहीस?” मला खरंच राग आला. काजळीवरून जी बाई गल्ली डोक्यावर घ्यायची, ती यावर गप्प बसली होती.

तिनं डोळे किलकिले करून नदीकडे बघितलं.

“तुझ्यापायी माझा एक हिवाळा गेला, ब्राफेमे. माझ्यापायी आठ वर्षं. नुसती चार दिवसांची वाट होती रे. पोरीचं पहिलं बाळंतपण, आणि मी आपली भट्टी झाडत बसले. तुला बोलले असते, तर स्वतःला काय बोलायचं होतं मी?”

मग ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, “ऊठ आता. तिकडं तुझी चटई भरली बघ आव्याच्या काजळीनं.”

बघतो तर खरंच. चांगली दोन माणसं निजतील एवढी चटई, सगळ्या अंगावर काळे ठिपके. मी बोंब ठोकली. ती हसायला लागली, हसता हसता खोकली, आणि म्हणाली, “ओरडू नकोस, पाव फुगायचे थांबतात.” मी तरीही भांडलो. चांगला तासभर भांडलो.

त्यानंतर बाराव्या दिवशी ती गेली. तिला न्यायला चटई हवी होती, आणि माझ्या दुकानात कोऱ्या सहा पडल्या होत्या. मी ती काळ्या ठिपक्यांचीच काढली. नदीवर नेऊन धुवावी म्हणून गुंडाळायला लागलो, तर मन्सोराकाकीनं माझा हात धरला.

“राहू दे तशीच,” ती म्हणाली. “तिला तेवढीच ओळखीची आहे.”